पोच : टपालाच्या इतिहासातून एक बोध

संघाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक स्वरूपाचे लिहावे, अशी संपादक मंडळाची सूचना यंदा आम्हांस आली. ती पत्राने आली नाही. कार्यवाहांच्या चिरंजीवांनी भ्रमणध्वनीवरून कळविली. आम्ही वाचली आणि उत्तर देण्याचे राहून गेले. आठ दिवसांनी कार्यवाहांनी स्वतः विचारले, "गुरुजी, निरोप पोहोचला ना?" आम्ही ओशाळलो, आणि त्या ओशाळेपणातूनच प्रस्तुत लेखाचा विषय आम्हांस सुचला. निरोप धाडणे हे अर्धे काम होय. तो मिळाल्याचे कळविणे हे उरलेले अर्धे. आपल्या मराठी भाषेत या दुसऱ्या अर्ध्यास 'पोच' म्हणतात. ज्या माणसास वेळप्रसंग कळत नाही त्याच्याविषयीही 'त्यास पोच नाही' असेच आपण म्हणतो. पावती आणि समज या दोहोंस भाषेने एकच शब्द योजावा, हे विचार करण्यासारखे आहे.

सार्वजनिक कचेऱ्यांतून कामे वेळेवर होत नाहीत, दिलेला अर्ज कोठे गेला हे कोणी सांगत नाही, विचारावयास गेले तर या मेजावरून त्या मेजाकडे बोट दाखविले जाते, हे गाऱ्हाणे आज घरोघरी ऐकू येते. आमच्या वयाच्या मंडळींचे त्यावर एक ठरलेले उत्तर असते : "पूर्वीची माणसेच निराळी होती." आम्ही जुन्या अकरावीची मॅट्रिक झालेले आणि पुढे अडतीस वर्षे प्राथमिक शाळेत शिक्षकाचे काम केलेले. इतक्या वर्षांत मुलांच्या दोन पिढ्या आमच्या हाताखालून गेल्या. आळशी आणि उद्योगी, चोख आणि चुकार अशी मुले दोन्ही पिढ्यांत सारख्याच प्रमाणात होती, असा आमचा अनुभव आहे. तेव्हा माणसे बदलली, एवढ्यावर आमचे समाधान होत नाही. काही तरी दुसरे बदलले असले पाहिजे. ते काय, हे पाहण्यासाठी ज्या सेवेचा संबंध प्रत्येक घराशी आला त्या टपालाचा इतिहास आपण थोडक्यात पाहू.

पेशवे दप्तरातील कागद ज्यांनी पाहिले असतील त्यांस हे विदितच आहे की, त्या काळच्या पत्रावर ते लिहिल्याची तिथी तर असेच. परंतु पुष्कळदा ते हाती पडल्याची तिथीही वेगळी नोंदलेली आढळते. या नोंदीस 'पैवस्तगी' असे म्हणत. रियासतकार सरदेसाई यांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत या दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड संपादित केले. कोणती बातमी कोणास कोणत्या दिवशी कळली, हे ठरविण्याच्या कामी अभ्यासकांस अशा नोंदींचा फार उपयोग होतो. राज्याच्या कारभारात पत्र कोणत्या दिवशी पोहोचले हे लिहून ठेवणे त्या काळीही अगत्याचे मानीत, एवढे यावरून सिद्ध होते.

परंतु ही व्यवस्था रयतेसाठी नव्हती. जासूद आणि सांडणीस्वार सरकारचे, काशीद पेढीवाल्यांचे. सावकारांची डाक तर कधीकधी दरबाराच्याही पुढे धावे. पानिपतचे रण १४ जानेवारी १७६१ रोजी झाले, आणि त्या अनर्थाची वार्ता नानासाहेब पेशव्यांस भेलशाच्या मुक्कामी एका सावकारी पत्रातून कळली, हे प्रसिद्धच आहे. ज्यांची माणसे रणावर गेली होती अशा हजारो घरांस मात्र पत्र धाडण्याची किंवा येण्याची काहीच सोय नव्हती. वाट पाहणे एवढेच त्यांच्या हाती होते.

कंपनी सरकारची डाकही आरंभी सरकारी कामापुरतीच होती. १७७४ साली वॉरन हेस्टिंग्ज याने ती शुल्क घेऊन लोकांस खुली केली. १८३७ च्या कायद्याने टपाल वाहण्याचा मक्ता सरकारने आपल्याकडे घेतला. तरी दर अंतरावर अवलंबून असल्यामुळे लांबचे पत्र गरिबास परवडत नसे. १८५२ साली, त्या वेळी मुंबई इलाख्यात मोडणाऱ्या सिंध प्रांतात, बार्टल फ्रिअर याने अर्ध्या आण्याची तिकिटे काढून पाहिली. पुढे लॉर्ड डलहौसीच्या कारकीर्दीत १८५४ चा कायदा झाला आणि अंतर कितीही असो, पाव तोळा वजनाच्या पत्रास अर्धा आणा हा एकच दर साऱ्या मुलखात ठरला. मुंबईचे पत्र ठाण्यास जावो की कलकत्त्यास, पैसे सारखेच. १८७९ साली पाव आण्याचे, म्हणजे एका पैशाचे, पोस्टकार्ड निघाले. १८८० साली टपालखात्याने मनीऑर्डर सुरू केली. १८८२ साली बचत बँक उघडली.

ज्या १८५४ साली टपालाचा एक दर ठरला त्याच साली कावसजी दावर यांनी मुंबईत कापडाच्या पहिल्या गिरणीचा पाया घातला, हा योग आपल्यासारख्या कोकणातून मुंबईस आलेल्या ज्ञातीने ध्यानी ठेवावा असा आहे. गिरणीने पुरुषमाणसास मुंबईस बोलाविले आणि टपालाने त्याचा पगार गावी पोहोचविला. रत्नागिरी जिल्ह्याच्या अर्थव्यवहारास 'मनीऑर्डरीचा संसार' म्हणण्याची रूढी पडली ती उगीच नव्हे. गिरणगावातील खोलीत दहा-बारा जणांनी पथाऱ्या टाकाव्या, खानावळीत जेवावे आणि पगाराच्या दिवशी टपालकचेरीच्या खिडकीपाशी रांग लावावी, असा आपल्या वाडवडिलांचा जीवनक्रम होता.

आमचे तीर्थरूप त्याच रांगेतले. आम्ही सात-आठ वर्षांचे असतानाची, म्हणजे १९६५ च्या सुमाराची, गोष्ट सांगतो. आमच्या गावची शाखा टपालकचेरी शाळेच्याच खोलीत होती. खेड्यातील टपाल शाळामास्तरांकडे किंवा एखाद्या दुकानदाराकडे सोपविण्याची पद्धत इंग्रजी अमदानीपासून चालत आली होती. आमचे गुरुजी अकराच्या सुमारास मुलांस पाढे म्हणावयास लावून थैली उघडीत. पावसाळ्यात मुंबईच्या बोटी बंद पडत, एस. टी. घाटात अडके, आणि तालुक्याहून थैली घेऊन येणारा माणूस तर उतरून, कमरेइतक्या पाण्यातून, थैली डोक्यावर धरून येई. उशीर झाला तर का झाला हे गुरुजी वहीत लिहीत. 'ओढ्यास पूर, तीन तास' असा शेरा आम्ही स्वतः वाचला आहे. थैलीतून कार्डे निघाली म्हणजे प्रत्येकावर त्या दिवसाचा शिक्का पडे. शिक्क्याची तारीख बदलणे हे काम मॉनिटरकडे असून ती न बदलल्याबद्दल आम्ही एकदा छडी खाल्ली आहे.

मनीऑर्डर आली की आई पदर सावरून शाळेच्या ओसरीवर येई. तिला लिहिता येत नसे. गुरुजी पैसे मोजून तिच्या हातावर ठेवीत, पुन्हा तिच्याकडून मोजून घेत, आणि मग साक्षीदारासमक्ष तिचा अंगठा कागदावर उठवीत. कूपनावरील चार ओळी वाचून दाखवीत. कूपन तिच्यापाशी राही. अंगठ्याचा कागद पोच म्हणून वडिलांकडे मुंबईस परत जाई. १९८९ साली वडील निवर्तले, तेव्हा चाळीच्या खोलीतील त्यांची पत्र्याची ट्रंक आम्ही उघडली. तीत गिरणीचे ओळखपत्र, संघाच्या वर्गणीच्या पावत्या आणि सुतळीने बांधलेला एक गठ्ठा होता. गठ्ठ्यात मनीऑर्डरीच्या पोचा होत्या. वर्षानुवर्षांच्या. प्रत्येकीवर आईचा अंगठा. आईने त्यांस उभ्या आयुष्यात पत्र लिहिले नव्हते. परंतु दर महिन्यास तिच्या हाताची खूण त्यांस मिळत होती. सरकारी नमुन्याच्या त्या कागदाने एका संसाराचे जे काम केले ते खात्याच्या कोणत्याही अहवालात नमूद नसेल.

आता एक गोष्ट वाचकांनी बारकाईने पाहावी. इतकी विश्वासू म्हणून जी सेवा नावाजली गेली तिच्यावर कायद्याचे बंधन फार होते काय? मुळीच नाही. १८९८ च्या टपाल कायद्याच्या सहाव्या कलमाने पत्र हरविणे, चुकीच्या ठिकाणी जाणे, उशीर होणे किंवा खराब होणे, यांपैकी कशाचेही दायित्व, स्पष्ट शब्दांत पत्करले असेल तेवढे वगळता, सरकारवर ठेवले नव्हते. नोकराने लबाडी केली किंवा जाणूनबुजून चूक केली तरच तो जबाबदार. म्हणजे पत्र हरविले तर रयतेने न्यायालयात जाऊन भरपाई मागावी, अशी सोय नव्हतीच. तरीही पत्रे पोहोचत. याचे कारण आमच्या मते असे की, कायद्याने जी जबाबदारी खात्यावर टाकली नाही ती खात्याच्या रोजच्या रीतीने प्रत्येक हातावर टाकली होती.

ही रीत कशी होती? पत्र टाकले त्या कचेरीचा शिक्का पुढे, पोहोचले त्या कचेरीचा मागे. दोन तारखा शेजारी ठेवल्या की उशीर कोठे झाला हे शाळकरी पोरासही कळे. पत्रपेटीवर पुढील वेळेची पत्र्याची पाटी असे आणि पेटी उघडणाऱ्याने ती बदलावयाची असे. थैलीबरोबर यादी, यादीवर सही. पोस्टमन वाडीवर येऊन गेला याची खूण म्हणून गुरुजींची किंवा पोलीस पाटलांची सही त्याच्या वहीत पडे. ज्याचा पत्ताच लागत नाही अशा पत्रासाठीही स्वतंत्र कचेरी होती. तीस डेड लेटर ऑफिस म्हणत. तेथे पत्र उघडून धाडणाऱ्याचा ठावठिकाणा शोधीत व ते त्यास परत करीत. कोणत्याही क्षणी पत्र कोणाच्या तरी नावावर असे. बेवारशी असे कधीच नसे.

ही रीत केवळ परक्या सरकारच्या धाकाने चालली असेही कोणी समजू नये. स्वराज्यातही ती चालली आणि वाढली. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोडची पद्धत सुरू झाली. ती योजणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल-तार खात्यातील वरिष्ठ अधिकारी असून संस्कृतचे नामांकित कवी व पंडित होते. एकाच नावाची अनेक गावे, निरनिराळ्या लिप्या आणि वाचता न येणारी अक्षरे यांमुळे पत्रे चुकत. यावर त्यांनी सहा अंकांचा तोडगा काढला. महाराष्ट्राच्या आणि गोव्याच्या प्रत्येक पत्त्यात चाराने आरंभ होणारा जो अंक आपण लिहितो त्याच्या मागे, न पोहोचणाऱ्या पत्राची काळजी वाहणारा एक मराठी माणूस आहे.

मग पुढे काय झाले? एका दिवसात काहीच झाले नाही. दूरध्वनी आला, पुढे भ्रमणध्वनी आला, घरगुती पत्रे कमी झाली. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर गावाकडे जाणाऱ्या मनीऑर्डरींचा ओघही आटला. २०१३ च्या जुलैत तार बंद झाली. २०१५ च्या सुमारास जुनी कागदी मनीऑर्डर जाऊन तिची जागा संगणकीय मनीऑर्डरीने घेतली. २०२५ साली रजिस्टर टपाल ही वेगळी सेवा न राहता स्पीड पोस्टात विलीन झाली. काळाप्रमाणे साधने बदलावयाचीच. त्याबद्दल आमची तक्रार नाही. स्पीड पोस्टाचे पत्र कोठवर आले हे आज घरबसल्या पाहता येते, ही सोय आमच्या गुरुजींस स्वप्नातही दिसली नसती. खेड्यापाड्यांतून टपाल वाहणारे ग्रामीण डाकसेवक आजही अर्धवेळ नोकरीत पुष्कळ कष्ट उपसतात, हेही न्यायाने सांगितले पाहिजे.

तथापि साध्या पत्राकडे पाहावे. मागच्या बाजूचा शिक्का आज क्वचितच दिसतो. दिसला तर तारीख लागत नाही. अनेक ठिकाणी पत्रपेटीवरील वेळेची पाटी गेलेली आहे. प्रत्येक खूण पुसली गेली ती काटकसरीच्या किंवा सोयीच्या नावाखाली, आणि प्रत्येक वेळी सर्वांस वाटले की एवढ्याने काय बिघडते! परंतु खूण गेली की विचारणा गेली, आणि विचारणा गेली की आस्थाही हळूहळू गेली. १८९८ चा कायदा जाऊन २०२३ चा नवा कायदा झाला व तो १८ जून २०२४ पासून अमलात आला. परंतु नियमाने ठरविले जाईल तेवढे वगळता दायित्व नाही, हे जुने तत्त्व त्याच्या दहाव्या कलमात कायम आहे. म्हणजे कायदा पूर्वीही ढिला होता, आजही आहे. बदलली ती रोजची रीत.

टपालाची ही कथा इतर कचेऱ्यांसही लागू पडते. लोकप्रतिनिधींनी हा रोग ओळखला नाही असे नव्हे. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ साली झाला; तीस दिवसांत उत्तर देणे त्याने बंधनकारक केले. त्याच साली आपल्या राज्याने बदल्या व दिरंगाई यांविषयी कायदा केला. एका कर्मचाऱ्याकडे कागद सामान्यतः सात कामाच्या दिवसांपेक्षा अधिक अडून राहू नये, असे त्यात म्हटले आहे. २०१५ साली महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा आला. अधिसूचित सेवेचा अर्ज मिळताच तारीख, क्रमांक आणि कामाची मुदत असलेली पोच अर्जदारास दिली पाहिजे, असे तो सांगतो. सबळ कारणाविना सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्यास पाचशेपासून पाच हजार रुपयांपर्यंत दंडाचीही तरतूद आहे. थोडक्यात, जुन्या टपालाची रीत कायद्यात उतरविण्याचाच हा प्रयत्न होय. परंतु आपल्यापैकी किती जण अर्ज देताना पोच मागून घेतात? 'साहेब रागावतील' म्हणून आपण हात जोडून परत येतो आणि मग घरी येऊन सरकारला बोल लावतो.

येथवर लिहून लेख संपविता आला असता. परंतु दुसऱ्याच्या कचेरीकडे बोट दाखविणाऱ्या शिक्षकाने आपली पाटीही उलटून दाखविली पाहिजे. काही वर्षांपूर्वी संघाच्या शिष्यवृत्ती समितीचे काम आमच्याकडे होते. संघाच्या जुन्या आवक-जावक वह्या ज्यांनी पाहिल्या असतील त्यांस आठवेल : आलेले प्रत्येक कार्ड, तारीख, कोणी घेतले, कोणाकडे दिले, उत्तर केव्हा गेले, सारे काळ्या शाईत टिपलेले. दिवसा गिरणीत किंवा कचेरीत राबून रात्री आठ वाजता संघाचा दिवा लावणाऱ्या माणसांनी त्या वह्या ठेवल्या होत्या. आमच्या काळापर्यंत त्या वह्या कपाटात गेल्या होत्या. 'आपलीच तर माणसे. नोंद कसली करावयाची?' असे आम्हीच म्हणालो होतो.

त्या वर्षी एका विधवा भगिनीने मुलीच्या परिचर्या-शिक्षणासाठी केलेला अर्ज एका लग्नसमारंभात आमच्या हाती दिला. आम्ही तो घडी करून पिशवीत ठेवला. समितीची सभा झाली, पैसे वाटले गेले, आणि तो अर्ज पिशवीच्या आतल्या कप्प्यात तसाच राहिला. पुढल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात त्या बाई भेटल्या. तक्रारीचा सूर नव्हता. त्यांनी हळूच एवढेच विचारले, "गुरुजी, अर्ज पावला होता का हो?" मुलीने प्रवेश सोडून दुकानात नोकरी धरल्याचे आम्हांस मागाहून कळले. आम्ही तेव्हा 'पाहतो' म्हणालो. जे उत्तर कचेरीच्या खिडकीतून ऐकून आम्ही संतापत असू, तेच उत्तर आमच्या मुखातून निघाले. अर्ज नामंजूर झाला असता तर त्या माउलीने दुसरे दार ठोठावले असते. आम्ही तिला नकारही दिला नाही. वाट पाहावयास लावले. हे आजवर आम्ही कोणापाशी बोललो नव्हतो. आज या पानावर लिहीत आहोत, ते त्या भगिनीस उशिरा का होईना पोच मिळावी म्हणून.

तेव्हा ज्ञातिबांधवांपुढे आमची नम्र सूचना आहे. संघाने आवक-जावक वही पुन्हा सुरू करावी. हवी तर संगणकावर ठेवावी. शिष्यवृत्तीच्या, वैद्यकीय साह्याच्या आणि वसतिगृहाच्या प्रत्येक अर्जास आठ दिवसांच्या आत तारीख व क्रमांक घातलेली पोच जावी, आणि निर्णय होकाराचा असो वा नकाराचा, महिन्याच्या आत लेखी कळवावा. ते काम कोणाकडे आहे त्याचे नाव फलकावर लिहावे. पहिल्या वर्षी ही वही लिहिण्याचे काम आम्ही स्वतः करू. हात कापतो, पण अक्षर अजून लागते. आणि प्रत्येक कुटुंबाने सरकारी कचेरीत अर्ज देताना नम्रपणे, परंतु न चुकता, पोच मागून घ्यावी.

आमच्या गुरुजींस महिनाअखेरीस टपालाच्या कामाबद्दल फार थोडे मिळे. तरी पूर आलेल्या दिवशी तीन तासांच्या उशिराचे कारण त्यांनी वहीत लिहिले. कोणी विचारणार नव्हते, तरी लिहिले. ती वही आज कोठे असेल कोण जाणे. आईच्या अंगठ्यांचा गठ्ठा मात्र आमच्यापाशी आहे. पुढील सर्वसाधारण सभेत आम्ही तो घेऊन येऊ. ज्यांस पाहावयाचा असेल त्यांनी अवश्य पाहावा.

इत्यलम्.